एकोणतीस मीटरचा टेप

मित्रांनो, टेप म्हटले की जुन्या माणसांना गाणी आठवतात. तो मी नव्हे. मी गवंड्याचा टेप, लांबी मोजणारा. तीस मीटरचा म्हणून विकला गेलो आणि आता एकोणतीस मीटर उरलो आहे. त्या एका मीटरची गोष्ट मी सांगणार आहे. ती ऐकायला गोड नाही. पण माझे वय झाले आहे, आणि वय झालेल्याने गोड बोलत बसू नये, खरे ते सांगून मोकळे व्हावे.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. काचेच्या बारीक धाग्यांची पट्टी विणली, तिच्यावर पांढरा थर चढवला आणि तापलेल्या रुळाखालून ओढताना माझ्या अंगावर आकडे उमटले. सेंटीमीटरचे आकडे काळे आणि ठळक. मीटरचा आकडा लाल, पण अगदी बारीक. प्रत्येक मीटरनंतर काळे आकडे पुन्हा दहा, वीस, तीस असे नव्याने सुरू होत. ही बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवा. मग मला एका लांब टेबलावर ताणले. तपासणाऱ्या बाईंनी भिंग लावून पाहिले, "बरोबर" म्हणाल्या, आणि मला नारिंगी पेटीत गुंडाळून टाकले. टोकाला लोखंडी कडी, पेटीला फिरवायची मूठ. त्या एका "बरोबर"वर मी किती वर्षे छाती फुगवून जगलो!

ज्या गवंड्याने मला घेतले त्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्याने दुकानातच माझी कडी दाराला अडकवली आणि मला ओढत ओढत पार समोरच्या फुटपाथपर्यंत नेले. दुकानदार ओरडला, "अहो मिस्त्री, टेप घ्यायचाय की रस्ता?"

"घ्यायचाय म्हणून तर बघतोय," मिस्त्री म्हणाला. "मधे कुठं ताणलेला नाही ना ते."

मिस्त्रीला अक्षरे येत नव्हती. आकडे मात्र त्याचे दास होते. पुढची अनेक वर्षे मी त्याच्या कमरेला होतो. शाळेची भिंत, पाण्याची टाकी, दवाखान्याच्या पायऱ्या, किती पाये आणि किती छपरे मी मोजली याचा हिशेब नाही. सिमेंटने माझे अंग खरखरीत झाले, उन्हाने पेटीचा नारिंगी रंग उडाला. पण लोक म्हणत, "मिस्त्रींचा टेप म्हणजे शेवटचा शब्द." दोन शेजारी कुंपणावरून भांडू लागले की मला बोलावणे येई. मी मधे पसरलो की दोघेही गप्प होत.

मग एक दिवस फरशी कापणाऱ्याच्या यंत्राखाली माझे टोक गेले. पाते गरगरत होते. कोणाच्या ध्यानात यायच्या आत माझ्या पहिल्या मीटरच्या चिंध्या झाल्या.

फरशीवाला घाबरला. "मिस्त्री, नवीन आणून देतो तुम्हाला."

मिस्त्रीने चिंधी हातात घेऊन पाहिली. "माणसाचं बोट तुटलं तर माणूस टाकून देतोस का?" त्याने बरोबर एक मीटरच्या खुणेवर मला कापले, जुनी कडी तिथे तांब्याच्या तारेने बांधली आणि तारेवर चिंधीचे चार वेढे दिले. "आजपासून ह्याचा एक सोडायचा. सोळा दिसले तर पंधरा."

घरी मी नुसता खिळ्यावर असे, तिथे ही गोष्ट कधी निघालीच नाही. कामावरची माणसे मात्र ते लगेच शिकली. एका टोकाचा ओरडायचा, "सोळा!" आणि दुसऱ्या टोकाचा उत्तर द्यायचा, "एक सोड!" मग दोघे मिळून म्हणत, "पंधरा!" नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे ऐकून हसू येई, दुसऱ्या दिवशी तोही तसाच ओरडे.

फरशीवाल्याने एकदा म्हटले होते, "पेटीवर लिहून तरी ठेवा मिस्त्री, एक कमी म्हणून."

"लिहायचं कशाला?" मिस्त्री हसला. "घरातलं माणूस घरातल्याला चिठ्ठी लिहितं का?"

त्याला अक्षरे येत नाहीत हे फरशीवाल्याला ठाऊक होते. त्याने विषय वाढवला नाही. मीही तेव्हा त्याच्यासोबत हसलो होतो. दुखणे अंगवळणी पडले की ते दुखणे वाटत नाही, मित्रांनो. ते आपल्याला आपला स्वभावच वाटू लागते.

आता मिस्त्रीच्या लेकीविषयी सांगतो, कारण गोष्ट तिची आहे.

ती सोळाव्या वर्षापासून एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात काम करत होती. ओल्या चादरी यंत्रातून ओढून काढायच्या, वाफेच्या रुळाखाली घालायच्या, घडी घालायची. एक ओली चादर माणसासारखी जड असते, असे ती आईला सांगत असे. तिच्या बोटांची साले निघत. बरोबरच्या बायका वाफेने खोकत, आणि वर्षाला एखादी खोकणारी कामावर येईनाशी होई. लेकीलाही गेल्या हिवाळ्यापासून खोकला लागला होता. तो फक्त पाण्यात थांबत असे. गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण होती, पाण्याने भरलेली. ती लहानपणापासून तिथे पोहायची. धुलाईघरातल्या बायका तिला पाणकोंबडी म्हणत.

त्या वर्षी समुद्रकिनाऱ्यावर पहिल्यांदाच जीवरक्षकांच्या जागा निघाल्या. कायमची नोकरी, मोकळी हवा. अट एवढीच: पंचवीस मीटरच्या तलावात चारशे मीटर आठ मिनिटांच्या आत पोहायचे आणि वय बावीसच्या आत हवे. परीक्षा दोन वर्षांतून एकदा. लेकीला बावीस पुरी व्हायला चार महिने होते आणि परीक्षा तीन महिन्यांवर होती. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची.

शिकवायला तिचा काका तयार झाला. काका म्हणजे मिस्त्रीचा धाकटा भाऊ. उभे आयुष्य जहाजावर खलाशी होता, गुडघा गेल्यावर परत आला आणि गल्लीच्या टोकाच्या खोलीत एकटा राहू लागला. पण दोघा भावांत सहा वर्षांचा अबोला होता. त्यांची आई शेवटच्या आजारात धाकट्याचे नाव घेत गेली आणि तो अकरा दिवसांनी पोचला. मिस्त्री दारातच म्हणाला होता, "पाहुणे आले." त्या दिवसापासून काकाने भावाचा उंबरा ओलांडला नव्हता. बोलायचे ते वहिनीमार्फत, ऐकायचे तेही वहिनीमार्फत.

एका सकाळी मिस्त्री अंगणात थापी घासत बसला होता. त्याची बायको खिळ्यावरून मला काढत भिंतीकडे बघून म्हणाली, "भाऊजींना टेप हवाय. खाणीत पंचवीस मीटर मोजायचेत, पोरीच्या सरावासाठी."

"घेऊन जा म्हणावं."

ती निघाली. मी तिच्या हातात होतो म्हणून मला मिस्त्रीचे तोंड दिसले. ते उघडले होते. जिभेवर दोनच शब्द होते, रोज कामावर शंभर वेळा म्हटलेले. मग त्याने तोंड मिटले आणि थापी पुन्हा घासायला घेतली. ती केव्हाच लख्ख झाली होती.

त्याचे लेकीवर प्रेम नव्हते असे समजू नका. ती खोकली की रात्री तोच उठून पाणी द्यायचा. पण निरोप भावाला जायचा होता. आणि आपण आपणहून निरोप धाडला असे त्या भावाला वाटू द्यायचे नव्हते.

खाणीची एक बाजू सरळ कापलेली दगडी भिंत होती. लेकीने माझी कडी त्या भिंतीला टेकवून धरली. काका लंगडत काठाने मला उलगडत गेला. कडीशी चिंधीचे वेढे होते आणि त्यापुढे दहा, वीस, तीस. लेकीला काही वेगळे दिसायचे कारणच नव्हते. काकाने पुढच्या टोकाला लाल आकडा पाहिला आणि हाक मारली, "पंचवीस! इथं फळी."

मी चोवीसच मीटर पसरलो होतो. पलीकडून "एक सोड" असे कोणीतरी ओरडेल म्हणून मी वाट पाहिली. कोणी ओरडले नाही. दोन दोर टाकून पाण्यात आडवी फळी टांगली गेली. फळी ते दगडी भिंत ही एक फेरी. अशा सोळा फेऱ्या म्हणजे चारशे मीटर, असे काकाने ठरवले.

"आता नीट ऐक," तो म्हणाला. "जोरात पोहणं आणि वेळेत पोहणं वेगळं. चारशेला लागलेली मिनिटं धर, त्यांचे सेकंद कर, चारानं भाग. येईल ती तुझी शंभराची गती. आज पोह, मग कळेल आपण कुठं आहोत."

त्या दिवशी तिला नऊ मिनिटे चोवीस सेकंद लागले. पाचशे चौसष्ट सेकंद, भागिले चार. काकाने काठावरच्या दगडावर कोळशाने लिहिले: दोन मिनिटे एकवीस. "हवी किती?" लेकीने विचारले. "दोनाच्या आत. मी तुला एक सत्तावन्नवर नेतो. शंभरामागं तीन सेकंद गाठीला."

लेकीने एक वही केली. तारीख, एकूण वेळ, शंभराची गती, आणि एका फेरीला किती हात मारले ते. काकाने रंगाचा एक रिकामा डबा आणला होता. गुडघा ताणून तो काठावर बसायचा, मनगटावरच्या घड्याळात बघायचा आणि जेव्हा तिचा हात फळीला लागायला हवा त्या क्षणी डब्यावर चमचा हाणायचा. ती मागे पडली तर ओरडायचा, "पाणकोंबडी, झोपलीस का?" पुढे गेली तर त्याहून मोठ्याने ओरडायचा, "कुठं आग लागलीय? पहिल्या शंभरात ज्याला पंख फुटतात तो तिसऱ्या शंभरात दगड होतो. ठरल्या गतीनंच पोहायचं!"

ओला दोर ताणतो, फळी सरकते. म्हणून काकाने मला आपल्या पिशवीतच ठेवून घेतले होते, आणि दर रविवारी मला पुन्हा पसरून तो अंतर तपासायचा. इतका काटेकोर माणूस मी क्वचितच पाहिला. दर आठवड्याला तीच चूक तो जागच्या जागी नीट बसवून ठेवत होता.

दोन एकवीसचे दोन नऊ झाले. दोन नऊचे दोन तीन. ती रोज काम संपवून चालत यायची, हाताची साले निघालेली, आणि थंड पाण्यात उतरायची. बाहेर आली की ओठ निळे असायचे, पण आधी वही मागायची.

एका संध्याकाळी खाणीच्या वरच्या कडेला मिस्त्री दिसला. कामावरून येता येता वाट वाकडी करून आला होता. हातात टोपी होती. काकाने त्याला पाहिले. लेकीचे डोके पाण्यात होते, तिने पाहिले नाही. तिचा हात फळीला लागला, डबा वाजला, आणि काका वर बघून मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "दोन मिनिटांच्या खाली आली पोर! काही लोकांना वाटतं, मोजमाप म्हणजे त्यांच्याच घरची मिरास. बघा म्हणावं डोळे भरून!"

मिस्त्रीने टोपी घातली. तो निघून गेला.

मला वाटते तो सांगायलाच आला होता. पण मी त्याच्या पोटात शिरलेलो नाही. मी फक्त एवढे सांगतो की तो आला होता, आणि न बोलता गेला.

परीक्षेच्या आठवडाभर आधी लेक सात मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंदांत पोहली. चारशे अडुसष्ट भागिले चार, एकशे सतरा. एक मिनिट सत्तावन्न. पुढचे सहाही दिवस तेच. फेरीला एकोणतीस सेकंद, दर चौथ्या फेरीला एक जास्त, फेरीमागे बावीस हात. आता डबा वाजवायची गरज उरली नव्हती, डबा तिच्या आतच वाजत होता. काकाने तिला बजावले, "तिथं भिंतीवर घड्याळ असेल. बघायचं नाही. बघितलं की माणूस घाबरतो किंवा चेकाळतो. तुझं घड्याळ तुझ्यापाशी आहे. बावीस हात आणि मनातला डबा."

"आणि अंगात जोर उरला तर?"

"उरू दे. नोकरी लागल्यावर वापर."

दोघेही हसले. मी काकाच्या पिशवीत, ओल्या दोराशेजारी होतो.

परीक्षेच्या दिवशी मी घरी खिळ्यावर होतो. म्हणून तिथे काय झाले ते मी पाहिले नाही, ऐकले. दुपारी लेक आली. केस ओले होते. मागून काका आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. मिस्त्री खाली बसून करणीचा दांडा बसवत होता. आईने लेकीकडे बघितले आणि टॉवेल पुढे केला.

"आठ मिनिटं आठ सेकंद," लेक म्हणाली.

"आठ सेकंदांनी?" आई म्हणाली. "फक्त आठ?"

"माझ्या शेजारची मुलगी बाहेर आली ती तिथंच पालथी पडली, आई. ओकत होती. सात एकोणसाठ. तिला घेतलं. मी उभी होते. मला धापसुद्धा लागली नव्हती. पंच मला म्हणाले, तुम्ही दमला नाहीत वाटतं."

"मीच सांगितलं तिला," काका बाहेरून म्हणाला. "घड्याळाकडं बघू नको म्हणून."

"तुम्ही सांगितलं तसंच पोहले, काका. डबा चुकला नसणार. फक्त हात जास्त लागत होते. बाविसाला भिंत यायची, तिथं तेविसाला यायला लागली. मला वाटलं घाबरलेय म्हणून हात आखूड पडतायत. म्हणून आणखी शांत झाले."

करणीवर ठोकणारा हात थांबला. मिस्त्रीने मान वर केली आणि सहा वर्षांनी पहिल्यांदा भावाकडे सरळ पाहिले.

"फळी ह्याच टेपनं मोजलीस?"

"हो."

"एक सोडला होतास?"

"कुठला एक?" काका म्हणाला.

मिस्त्री उठला. त्याने मला खिळ्यावरून काढले, कडीजवळची चिंधी सोडली आणि तिच्याखालच्या लाल बारीक एकावर अंगठा ठेवला. "इथं शून्य नाही. इथं एक आहे. तुमची फळी चोविसावर होती."

लेक अंगठ्याकडे बघत राहिली. हिशेब करायची तिला आता सवय होती, तिला कागद लागला नाही. सोळा फेऱ्यांत सोळा मीटर.

"किती वर्षं झाली असा आहे?"

"सात."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"मला वाटलं, हा विचारेल," मिस्त्री म्हणाला.

"मला वाटलं, टेप म्हणजे टेप," काका म्हणाला. मग हळू, "दादा, तू त्या दिवशी खाणीवर आला होतास."

लेकीने बापाकडे पाहिले. त्याने मान खाली घालून चिंधी पुन्हा कडीला गुंडाळायला घेतली. ती आत जाऊन झोपली. भर दुपारी.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ मला वर्तमानपत्रात गुंडाळून परीक्षेच्या कार्यालयात गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा ते शेजारी शेजारी चालत होते, आणि दोघांनाही चालताना काय करावे ते कळत नव्हते. खिडकीपलीकडे एक कारकून बसला होता. मिस्त्रीने मला त्याच्यापुढे ठेवले आणि सगळी हकिकत सांगितली. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने पुरते ऐकून घेतले.

"आमचा तलाव किती मीटरचा?" त्याने विचारले.

"पंचवीस."

"त्यात काही खोट?"

"नाही."

"घड्याळात?"

"नाही."

"मग तक्रार कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध," मिस्त्री म्हणाला.

"तसला अर्ज इथं घेत नाहीत, मिस्त्री."

काका खिडकीला चिकटला. "साहेब, पोर साडेसातात पोहू शकते. एकदा बघा तरी!"

"मग त्या दिवशी पोहायचं होतं," कारकून म्हणाला. त्याने तसे टोचून म्हटले नव्हते. त्याला खरेच कळले नव्हते की ती का पोहली नाही. त्याने मला परत वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.

पुढच्या रविवारी दोघे भाऊ खाणीवर गेले. एकाने कडी धरली, दुसऱ्याने पेटी. फळी भिंतीपासून आणखी एक मीटर लांब सरकवून बांधली. त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्याचा काही उपयोगही नव्हता. लेक आईबरोबर आली होती. ती काठावर बसून बघत होती. फळी बांधून झाली तशी ती उठली आणि कोणाला न विचारता पाण्यात उतरली.

काकाने सवयीने घड्याळाकडे पाहिले. डबा त्याने उचलला नाही.

मी अनेक माणसांना काम करताना पाहिले आहे, पण तसे पोहणे पुन्हा पाहिले नाही. तिने हात मोजले नाहीत. गाठीला काही राखले नाही. पाणी दगडी भिंतीवर आपटून परत येत होते आणि ती त्यातून जात होती. सोळावी फेरी झाली तेव्हा तिने फळीवर दोन्ही कोपरे टाकली आणि खोकत राहिली, श्वास सापडेपर्यंत.

"सात बत्तीस," काका म्हणाला. सवयीने पुढचेही निघून गेले, "शंभराला एक मिनिट त्रे..." आणि तो थांबला. मग दगडावर ठेवलेली वही त्याने उचलून पुढे केली. "लिहून ठेव, बाळ."

"कशाला?" लेक म्हणाली.

तेव्हा मिस्त्रीने माझी पेटी हातात घेतली. हात मागे नेला. मला कळले, खाणीचे पाणी खोल आहे आणि आता मी तिथे जाणार. खरे सांगतो, मला बरे वाटले. पण लेक निथळत बाहेर आली, तिने बापाचे मनगट धरले आणि मला त्याच्या मुठीतून सोडवून घेतले.

"त्याला कशाला, बाबा?" ती म्हणाली. "त्याला तोंड नव्हतं."

मिस्त्री तिथेच दगडावर बसला. काका त्याच्या शेजारी बसला. भावाभावांचा अबोला संपला होता, पण त्यांच्यापाशी बोलायला काही उरले नव्हते.

मित्रांनो, पुढे सांगण्यासारखे थोडे आहे. लेक धुलाईघरातच आहे. वाफेच्या रुळावरून आता तिला घडीच्या टेबलावर घेतले आहे, कारण खोकला वाढला. खाणीकडे ती जात नाही. मिस्त्री कोणाच्याही हातात मला देताना आधी माझा दोष सांगतो, मग मला देतो. कामावरची माणसे म्हणतात, "मिस्त्री, ठाऊक आहे, किती वेळा सांगाल?" तरी तो सांगतो.

तुम्ही कधी पोहायला गेलात आणि आपली गती काढावीशी वाटली, तर घड्याळ हातात घेण्याआधी अंतर स्वतः तपासा, आणि ज्याने मोजले असेल त्याला विचारा की कशाने मोजले. विचारण्यात कमीपणा नसतो. तुमच्या घरात एखादी वस्तू मोडकी असेल आणि वापरणाऱ्या सगळ्यांना ते पाठ असेल, तर ते बाहेरच्याला पाठ नसते हे विसरू नका. वस्तूवर लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर शिका, कुठल्याही वयात शिकता येते. आणि कोणावर रुसला असाल तर खुशाल रुसा, पण आधी त्याला सांगायचे ते सांगून टाका. रुसवा दोन दिवस थांबतो. पाण्यात उतरलेले माणूस थांबू शकत नाही.

ती वही आता घरात नाही. लेकीने तिच्यातली कोरी पाने फाडून आईला दिली आणि बाकीची चुलीत घातली. म्हणून हे एवढे मी तुमच्यापाशी सांगून ठेवतो. पूर्ण चारशे मीटर, पुऱ्या पंचविसाच्या सोळा फेऱ्या, सात मिनिटे बत्तीस सेकंद. तिची खरी गती शंभराला एक मिनिट त्रेपन्न सेकंद होती.